म्हातारी आणि म्हात्रे

घणसोली गावठाणातल्या आमच्या इमारतीत जिन्याखाली टपालपेट्यांची रांग आहे. बारा पेट्या आहेत आणि त्यांतल्या पाचांवर एकच आडनाव आहे, म्हात्रे. माझ्या समोरच्या दारात म्हात्रे आजी-आजोबा राहतात. आजी ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. त्यांचा नातू घरात त्यांना आजी म्हणतो, आणि खाली मोटारसायकलवर बसून मित्रांशी बोलताना म्हणतो, "आमची म्हातारी कोनाचा आयकत नाय." त्याच्या आवाजात कौतुकच असतं.

मागच्या उन्हाळ्यात माझी नऊ वर्षांची भाची राहायला आली होती. खाडीच्या बाजूला रुईची झुडपं आहेत. एप्रिलमध्ये त्यांची बोंडं उकलतात आणि पांढऱ्या रेशमी केसांचे झुपके वाऱ्यावर निघतात. त्यातला एक तिने पकडला आणि धावत जिना चढली. "मावशी, म्हातारी पकडली!" म्हात्रे आजी दारातच लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला कशाला पकडतंस गो?" भाचीचा चेहरा एकदम पडला. घरात आल्यावर तिने हळूच विचारलं, "म्हातारी हा वाईट शब्द आहे ना? शाळेत सांगितलंय, ज्येष्ठ नागरिक म्हणायचं."

तिला तेव्हा मी एवढंच सांगितलं, की शब्द वाईट नाही. पण खरं उत्तर याहून पुष्कळ मोठं आहे, आणि ते त्या जिन्याखालच्या टपालपेट्यांवरही लिहिलेलं आहे. म्हातारी आणि म्हात्रे हे एकाच मुळाचे शब्द आहेत.

आधी मूळ पाहू. संस्कृतात महत् म्हणजे मोठा. महात्मा, महाराज, महापौर, महत्त्व या सगळ्यांत तोच आहे. एखाद्या विशेषणाला 'तर' जोडला की तुलना होते. उच्च आणि उच्चतर, लघु आणि लघुतर. तसाच महत्तर, म्हणजे अधिक मोठा, इतरांहून मोठा. त्याची स्त्रीलिंगी रूपं महत्तरा, महत्तरी, महत्तरिका. या शब्दात वयाचा उल्लेख कुठेच नाही. सुरकुत्या नाहीत, काठी नाही, पिकलेले केस नाहीत. नुसता मोठेपणा आहे.

महत्तरचा म्हातारा कसा झाला? हे जादूने होत नाही. भाषेत आवाज ठरावीक वाटांनी बदलतात, आणि या दोन्ही वाटा आपल्या रोजच्या शब्दांत दिसतात. पहिली वाट जोडाक्षराची. संस्कृत सप्तचा प्राकृतात सत्त झाला आणि मराठीत सात. हस्तचा हत्थ झाला, मग हात. भक्त म्हणजे अन्न, त्याचा भत्त झाला आणि मग ताटातला भात. प्रत्येक ठिकाणी जोडाक्षर सुटं झालं आणि त्याच्या आधीचा ऱ्हस्व 'अ' लांबून 'आ' झाला. जणू एका व्यंजनाचं ओझं उतरलं ते शेजारच्या स्वराने उचललं. महत्तरमधल्या 'त्त'चं तेच झालं. दुसरी वाट सुरुवातीच्या 'मह'ची. महिषी या संस्कृत शब्दाचा प्राकृतात महिसी झाला आणि मराठीत म्हैस. म आणि ह यांच्यामधला स्वर गळाला आणि दोघे एकमेकांना चिकटले. महत्तरमधला 'मह'ही तसाच 'म्ह' झाला. पुढे 'तर'मधला स्वरही लांबला, शेवटी आपले नेहमीचे आ आणि ई लागले, आणि म्हातारा-म्हातारी तयार झाले.

म्हणजे जी वाट म्हशीने आणि भाताने धरली, तीच म्हातारीने धरली. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. गोठ्यातला शब्द, ताटातला शब्द आणि दारात लसूण सोलत बसलेल्या बाईसाठीचा शब्द एकाच नियमाने घडलेले आहेत.

आता महत्तर म्हणजे नेमका कोण, ते पाहू. जुन्या काळी राजा एखादी जमीन दान द्यायचा तेव्हा ते दान तांब्याच्या पत्र्यावर कोरून द्यायचा. असे ताम्रपट आपल्या ठाण्यातही सापडले आहेत. ठाण्याला त्या काळी श्रीस्थानक म्हणत आणि इथे शिलाहारांचं राज्य होतं. १७८७ साली इथे मिळालेला ताम्रपट शिलाहार राजा अरिकेसरीचा आहे, शके ९३९चा, म्हणजे इसवी सन १०१७चा. हे शिलाहार आधी ज्यांचे मांडलिक होते त्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत एक ठरलेलं वाक्य येतं. दान कुणाला दिलं हे सांगण्याआधी राजा सगळ्या अधिकाऱ्यांना उद्देशून आज्ञा करतो, आणि ती यादी अशी असते: राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट, आयुक्त, नियुक्त, आधिकारिक, महत्तर. इथला राष्ट्रपती म्हणजे प्रांताचा अधिकारी, विषयपती म्हणजे त्याखालच्या विभागाचा. वरून खाली येत येत यादी गावापर्यंत पोचते आणि तिथे महत्तर उभा असतो.

याहून जुना पुरावा बंगालकडचा आहे. आज बांगलादेशात असलेल्या दामोदरपूरला गुप्तकाळातले, पाचव्या-सहाव्या शतकातले ताम्रपट सापडले. ते जमिनीच्या खरेदीचे कागदच आहेत म्हणा ना. गावातली जमीन विकायची तर ते गावातल्या महत्तरांना आणि कुटुंबींना कळवलं जाई. शेत कुठून कुठपर्यंत, बांध कुणाचा, आधीचा हक्क कुणाचा, हे त्या माणसांना ठाऊक असायचं. महत्तर म्हणजे गावाची स्मरणशक्ती आणि गावाचा शब्द.

त्यातला कुटुंबी हा शब्द ओळखीचा वाटला का? कुटुंबिन् म्हणजे घरदार आणि शेत असलेला गृहस्थ. तोच पुढे कुणबी झाला. ताम्रपटांत पट्टकिल नावाचा एक गावाधिकारीही भेटतो. पट्टकिलचा पाटील झाला, पुन्हा तोच जोडाक्षराचा नियम, 'ट्ट' सुटला आणि 'प'चा 'पा' झाला. कुणबी, पाटील आणि म्हात्रे. ठाणे-बेलापूर पट्टीतल्या कुठल्याही गावच्या लग्नपत्रिकेत ही नावं शेजारी शेजारी दिसतात, आणि हजार-दीड हजार वर्षांपूर्वी ती तांब्यावरही शेजारीच होती.

उत्तर कोकणात महत्तर पदाचं नाव बराच काळ टिकलं. गावकामगारांत पाटील, मढवी यांच्या जोडीने म्हातारा असायचा. इथे म्हातारा हा वयाचा शब्द नव्हे, हुद्दा आहे. तरणाबांड माणूसही गावचा म्हातारा असू शकत होता, जसा आज तिशीतला माणूस पोलीसपाटील असतो. म्हात्रे हे आडनाव या हुद्द्यावरून आलं असं मानलं जातं. मढवीही आपल्याकडे आडनाव म्हणून आहेच. आदराने अनेकवचन करायची आपली रीत, म्हणून म्हातारा या पदाचे म्हातारे, आणि घाईने बोलता बोलता मधला स्वर गिळला की म्हात्रे.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त खुपणारी जागा इथेच आहे. एकाच शब्दातून दोन वारसदार निघाले. मान, जमीन आणि गावकी आडनावाकडे गेली, आणि आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. म्हातारी या रूपाकडे उरलं फक्त वय. म्हात्रे म्हणवून घ्यायला कुणाला संकोच वाटत नाही, पण म्हातारी म्हटलं की बायका दचकतात.

पण स्त्रीलिंगी महत्तरालाही एके काळी मोठा मान होता, आणि त्याचा पुरावा आहे. आठव्या शतकात हरिभद्रसूरी नावाचे फार मोठे जैन आचार्य होऊन गेले. परंपरा सांगते, की ते चित्तोडचे विद्वान ब्राह्मण होते आणि आपल्याला न कळणारं काही असेल असं त्यांना वाटतच नव्हतं. एकदा रस्त्याने जाताना एक साध्वी एक गाथा म्हणत होती, तिचा अर्थ त्यांना लागेना. त्या साध्वीचं नाव याकिनी. तिच्यामुळे ते जैन धर्माकडे वळले आणि पुढे आयुष्यभर स्वतःची ओळख 'याकिनी महत्तरेचा पुत्र' अशी देत राहिले. इथे महत्तरा ही साध्वीसंघातली ज्येष्ठ पदवी आहे. एवढा मोठा पंडित एका महत्तरेचा मुलगा म्हणवून घेण्यात धन्यता मानतो. आजच्या मराठीत त्याचं शब्दशः रूप करायचं तर 'याकिनी म्हातारीचा मुलगा' असं होईल. ते वाचून आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं आणि हरिभद्रांच्या मनात जे होतं, त्या दोहोंतलं अंतर म्हणजेच या शब्दाचा इतिहास.

नाट्यशास्त्रातही ती भेटते. राजाच्या अंतःपुरात कोणकोणत्या स्त्रिया असतात याची तिथे यादी आहे, आणि तीत महत्तरी हे वेगळं पद आहे. सगळ्या अंतःपुराच्या रक्षणासाठी आणि भल्यासाठी स्तुती-मंगलकार्यं करणारी मानाची बाई. त्याच यादीत वृद्धा हा निराळा वर्ग आहे. आधीच्या राजांच्या रीतीभाती जाणणाऱ्या आणि त्या राजांकडून मान मिळालेल्या स्त्रिया म्हणजे वृद्धा. लक्षात घ्या, महत्तरी आणि वृद्धा वेगळ्या आहेत. म्हणजे त्या काळापर्यंत मोठेपणा आणि वय यांची गल्लत झालेली नव्हती. आणि वृद्धेची ओळखही गुडघेदुखीने केलेली नाही, तिच्या माहितीने केली आहे.

मग मोठेपणाचा अर्थ वयाकडे का सरकला? हे कळायला फार लांब जायला नको. आपण आजही "घरातल्या मोठ्या माणसांना विचारून सांगतो" असं म्हणतो. यातली 'मोठी' वयाने की अधिकाराने? दोन्ही. वाक्य बोलणारालाही तो फरक करायचा नसतो. गावात ज्याला शब्द आहे तो बहुधा वयाने मोठाच असायचा, त्यामुळे दोन अर्थ कैक पिढ्या एकाच शब्दात सुखाने नांदले. पाली भाषेतही हेच घडलेलं दिसतं. तिथे महल्लक हा शब्द याच 'महत्'च्या घराण्यातला आहे आणि त्याचा अर्थ वयस्कर असा झाला. माझी समजूत अशी, की पुढे गावचा कारभार पाटील-कुलकर्ण्यांकडे पक्का झाला तसा महत्तराचा अधिकार बहुतेक मुलखात सरला. शब्दाच्या घरातून एक भाडेकरू निघून गेला आणि दुसरा, म्हणजे वय, एकटाच उरला.

युरोपातही मोठेपणाचे आणि वयाचे शब्द असेच एकमेकांत मिसळले. लॅटिनमध्ये मोठा या अर्थाच्या शब्दाचं तुलनेचं रूप 'मायोर' असं आहे, आणि त्याचं मूळ आपल्या महत्शी नातं सांगतं. त्यातूनच इंग्रजी 'मेयर' आला. म्हणजे मेयर या शब्दाचा अर्थही घडणीने महत्तर असाच होतो. सीनियर हा शब्दही लॅटिनमध्ये तुलनेचाच आहे, 'अधिक वयाचा'. तिकडे वयाच्या शब्दातून अधिकार निघाला, आपल्याकडे अधिकाराच्या शब्दातून वय निघालं.

म्हातारीच्या दोन बहिणींची गोष्टही इथेच सांगायला हवी, कारण तिघींचं नशीब निरनिराळं निघालं.

एक आजी. आर्य म्हणजे आदरणीय, आणि संस्कृतात आर्यक म्हणजे आजोबा. आर्यचं प्राकृतात अज्ज झालं, आणि पुन्हा तोच सात-हाताचा नियम लावला की आज. त्यातून आजा आणि आजी. प्राकृतात अज्जा हा शब्द साध्वीसाठीही वापरला जाई. आजीने आपला सगळा मान राखला. नातं नसलं तरी रस्त्यात कुणालाही आजी म्हणता येतं आणि समोरची सुखावते.

दुसरी थेरी. संस्कृत स्थविर म्हणजे स्थिर, पक्व, वडीलधारा. पालीत तो थेर झाला आणि स्त्रीलिंगी थेरी. बौद्ध संघात दहा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहायचे दहा मुक्काम, पूर्ण केलेल्या भिक्खूला थेर म्हणत. मोजायची ती संघातली वर्षं, जन्मापासूनची नव्हेत. केस पिकले म्हणून कुणी थेर होत नाही, असं धम्मपद या बौद्ध ग्रंथात स्पष्टच म्हटलं आहे, नुसतं वय झालेला माणूस तिथे 'व्यर्थ जीर्ण' ठरतो. थेरींनी रचलेल्या कवितांचा संग्रह त्रिपिटकात आहे, थेरीगाथा. स्त्रियांनी स्वतःच्या तोंडून स्वतःचं आयुष्य सांगितलेल्या जगातल्या अगदी जुन्या कवितांत त्यांची गणना होते. आपल्याला हे लांबचं वाटायचं कारण नाही. येऊरच्या डोंगरापलीकडे, त्याच जंगलात, कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत थेर हा शब्द आहे आणि भिक्षुणींनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत.

आणि या थेर-थेरीचं मराठीत काय झालं? त्यांना 'ड' लागला. थेरडा, थेरडी. हा 'ड' मराठीत लहानपणा आणि हेटाळणी दोन्ही दाखवतो, म्हाताराचा म्हातारडा होतो तसा. जो शब्द संघातल्या सर्वांत आदरणीय स्त्रीसाठी होता, तो आज रांगेत हळू चालणाऱ्या बाईला मागून कुणीतरी मारतो. मी ठाणे स्टेशनच्या पुलावर तो ऐकला आहे. ऐकताना अंगावर काटा येतो, कारण म्हणणाऱ्याला आणि ऐकणारीलाही ठाऊक नसतं, की हा शब्द कुठून निघून कुठे पोचला आहे.

अशा घसरणीला भाषाशास्त्रात अर्थापकर्ष म्हणतात, म्हणजे शब्दाची पायरी उतरणं. शिष्ट हा शब्द घ्या. शिष्ट म्हणजे शिकलेला, सुसंस्कृत, ज्याच्या बोलण्याला प्रमाण मानावं असा. आज "ती फार शिष्ट आहे" म्हणजे ती नाक वर करून वागते. मेहतर हा तर काळजाला भिडणारा दाखला आहे. फारसीत 'तर' हा प्रत्यय आपल्यासारखाच तुलनेचा आहे, आणि मेहतर म्हणजे अधिक मोठा, प्रमुख. अर्थाने अगदी महत्तरच. आजच्या पाकिस्तानातल्या चित्राल संस्थानाच्या राजाची पदवी मेहतर होती. आणि आपल्याकडे ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या शहरांची घाण उपसायचं काम लादलं गेलं, त्या समाजाला हाच शब्द लावला गेला. मोठेपणाचं नाव दिलं, मोठेपण दिलं नाही. मग नावच त्या वागणुकीचा रंग घेऊन बसलं.

म्हातारीचंही हेच झालं. शब्द आपोआप बिघडत नाहीत. ज्यांना तो लावतो त्यांच्याकडे आपण कसं पाहतो, ते हळूहळू शब्दात उतरतं. आयर्लंडच्या भाषेत याचं अगदी जुळं उदाहरण आहे. तिथे म्हातारीसाठी कॅल्यख असा शब्द आहे. जुन्या आयरिशमध्ये त्याचा अर्थ होता पदर घेतलेली, म्हणजे डोक्यावर वस्त्र घेतलेली जोगीण. जोगिणीची म्हातारी झाली आणि पुढे हडळीसारखी भीतिदायक बाईही. इंग्रजीतल्या 'क्रोन', म्हणजे कुरूप म्हातारी, या शब्दाला तर चढून उतरायची संधीही मिळाली नाही. तो जुन्या फ्रेंचमधल्या 'मढं' या अर्थाच्या शब्दावरून आला. मराठीने निदान सुरुवात तरी मोठेपणापासून केली.

सगळेच शब्द मोठेपणाचे नाहीत, हेही खरं. संस्कृतात जॄ हा धातू आहे, झिजणं, जुनं होणं. त्यातून जरा, जीर्ण, जर्जर आणि म्हातारीसाठी जरती. ग्रीक भाषेत म्हाताऱ्याला गेरोन म्हणतात, तो याचाच दूरचा भाऊ. वृद्ध मात्र पुन्हा दुसऱ्या बाजूचा. वृध् म्हणजे वाढणं. वृद्ध म्हणजे वाढलेला, वृद्धी म्हणजे वाढ. दुकानदाराच्या वहीतल्या 'लाभ-वृद्धी'तला आणि वृद्धाश्रमातला शब्द एकच आहे. म्हातारपणाकडे पाहायच्या दोन खिडक्या भाषेत पहिल्यापासून आहेत, एक झिजण्याची, एक वाढण्याची. म्हातारी आणि वृद्धा या दोघी वाढण्याच्या खिडकीत बसलेल्या आहेत.

आणि लोकांच्या बोलण्यात ती तशीच बसलेली आहे, हे मला पुन्हा पुन्हा दिसतं. भोपळ्यात बसून लेकीकडून घरी परतणारी म्हातारी वाघा-कोल्ह्यांना फसवते, तिला कुणी वाचवायला येत नाही. श्रावणी सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीत राजाच्या हुकमाने गावभरचं दूध ओतूनही महादेवाचा गाभारा भरत नाही. तो एका म्हातारीच्या खुलभर दुधाने भरतो, कारण तिने आधी घरच्या लेकरावासरांना पोटभर दिलेलं असतं. ढग गडगडले की आभाळात म्हातारी हरभरे भरडते, असं आपण मुलांना सांगतो. एवढ्या मोठ्या आवाजाचं जातं ओढायचं काम आपण एखाद्या पैलवानाला दिलेलं नाही. रुईच्या उडत्या बीलाही म्हातारी म्हणतात ते पांढऱ्या केसांमुळे. पण ते केस बीला लांब नेऊन रुजवण्यासाठी असतात, हेही विसरू नये.

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो" ही म्हण मला लहानपणी फार निर्दय वाटायची. तिचा रोख काळावर आहे, हे नंतर कळलं. एका नुकसानाकडे काणाडोळा केला तर करणाऱ्याला सवय लागते, असं ती सांगते. तरी त्या सांगण्यासाठी जिचं दुःख नाही असं म्हणायला म्हातारीच सापडली, हे मला अजूनही बोचतं.

आता भाचीच्या शाळेतल्या शब्दाकडे येते, ज्येष्ठ नागरिक. बसमध्ये, बँकेत, रेल्वेच्या डब्यावर हा शब्द असतो आणि चांगला शब्द आहे. पण तोही मूळच्या म्हातारीपासून लांब नाही. पाणिनीने सांगितलं आहे, की वृद्धची कमाल पातळी दाखवायची असेल तर वृद्धच्या जागी 'ज्य' येतो. त्यातून ज्येष्ठ. म्हणजे ज्येष्ठ म्हणजे सर्वांत वृद्ध. वृद्ध म्हणायचं टाळायला आपण जो शब्द घेतला तो व्याकरणाने 'वृद्धतम' निघाला! महत्तर तुलनेच्या पायरीवर थांबतो, ज्येष्ठ तिच्याही पुढे जातो. दोन्ही शब्द मानाचेच आहेत. फरक एवढाच, की ज्येष्ठ नागरिक पाटीवर राहतो आणि म्हातारी तोंडात राहते. कुठल्याही मुलाने आईला फोन करून "आमच्या ज्येष्ठ नागरिक कशा आहेत?" असं विचारलेलं मी ऐकलेलं नाही. पण "माझी म्हातारी गावाला एकटी असते," असं रिक्षावाल्यापासून बँकेतल्या अधिकाऱ्यापर्यंत कुणीही म्हणतो, आणि तिथे म्हातारी म्हणजे सरळ आई असते.

छत्तीसगडी बोलीत आईला महतारी म्हणतात. त्या राज्याची मातृदेवता म्हणून जे रूप रंगवतात तिचं नावच छत्तीसगढ महतारी आहे. आमच्या इमारतीला रंग द्यायला आलेल्या एका छत्तीसगडी कामगाराच्या तोंडून मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. तो फोनवर बोलत होता. मला आधी वाटलं, तो मराठी शिकला आहे.

म्हणून शब्द टाळायचा की वापरायचा याचं उत्तर मी भाचीला कोशातून देऊ शकले नाही. आवाजावर ते ठरतं. परक्या बाईला मागून "ए म्हातारे" म्हणणं आणि घरच्या माणसाने म्हणणं यांत फरक आहे, आणि तो नऊ वर्षांच्या मुलीलाही कळतो. तिला मी आणखी एक गोष्ट दाखवली. म्हातारीला हाक मारताना तिचं रूप बदलतं, म्हातारे होतं. भोपळ्याच्या गोष्टीतला वाघही "म्हातारे, म्हातारे" असंच म्हणतो. आणि गावच्या म्हाताऱ्याला मानाने अनेकवचन केलं की तेही म्हातारेच होतं. कानाला दोन्ही एकच. त्यातला एक स्वर गिळला की टपालपेटीवरचं नाव तयार.

तेवढ्यात समोरच्या दारातून आजोबांचा आवाज आला, "म्हातारे, च्या ठेवू काय गो तुला?" भाचीने माझ्याकडे पाहिलं. पलीकडून म्हात्रे आजींनी सांगितलं, "ठेवा. आलं घाला."